चिंचेखालचा परवाना

कल्याण तालुक्यात ज्याच्यावर काहीच अन्याय झालेला नाही असा माणूस, आमच्या मामेसासऱ्यांच्या मते, अजून जन्माला यायचा होता. अन्याय प्रत्येकावर झालेलाच असतो, फक्त तो नीट मांडलेला नसतो, अशी त्यांची पक्की समजूत होती; आणि मांडण्याचं काम सरकारने परवाना देऊन त्यांच्याकडे सोपवलं होतं. ते अर्जनवीस होते. मामलेदार कचेरीसमोरच्या चिंचेखाली घोंगडी टाकून, पुढ्यात लाकडी पेटी घेऊन ते बसत आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देत. आमच्या लग्नात त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो "जावईबापू, तुमची काही तक्रार?" हा. नवरदेवाच्या भिडेने मी नाही म्हणालो. तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उतरला की मानपानाबद्दल एखादी बारीकशी तक्रार करायला हवी होती, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

माझ्या बायकोला त्यांनीच लहानाची मोठी केली होती. मामी गेल्यावर ते दोन घरं सोडून एकटे राहत आणि जेवायला आमच्याकडे येत. जेवतानासुद्धा त्यांच्यातला अर्जनवीस पेटी मिटून बसत नसे. आमटी अळणी झाली तर ते म्हणत, "आमटीबाबत अर्जदाराचं नम्र म्हणणं असं की, सकाळी चूल पेटली तेव्हापासूनची हकीकत ध्यानात घेता..." माझी बायको पळी आपटून म्हणे, "मामा, मीठ हवंय ना? मग मीठ म्हणा की!" "मीठ ही मागणी झाली," मामा शांतपणे सांगत, "आणि मागणी शेवटी येते. आधी हकीकत." तोवर आमटी गार होऊन जाई आणि ते ती तशीच भुरकत.

हकीकतीवर त्यांचा फार जीव. एकदा मोहन्याचा एक शेतकरी धापा टाकत आला. "काका, माजी गाय कोंडवाड्यान नेली. सोरवा तिला!" दुसऱ्या कोणी दोन ओळी खरडून त्याला वाटेला लावलं असतं. मामांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि गाईचं नाव विचारलं. मग गाईच्या आईचं. मग ती गाय स्वभावाने कशी, याआधी कोणाच्या शेतात शिरली होती का, कुंपण कोणी घातलं, कोणत्या साली, आणि घालताना त्याला कोणी हरकत घेतली होती का. अर्ज सहा पानं झाला. मामलेदारांनी म्हणे दुसऱ्या पानावरच गाय सोडण्याचा हुकूम दिला, पुढची चार वाचावी लागू नयेत म्हणून. मामांचे अर्ज इतके मंजूर का होतात याचं कचेरीतल्या लोकांनी काढलेलं कारण हे असं होतं. मामांना ते कधी कळलं नाही, आणि सांगावं असं कोणालाही वाटलं नाही.

समोरच्या कडुलिंबाखाली दुसरे एक अर्जनवीस बसत. माणूस बारीक, अक्षर बारीक, आणि अर्ज चार ओळींचा. पाचवी ओळ लिहावी लागली तर त्यांना घाम फुटे. एकेकाळी हे दोघे दुपारची भाकरी एकत्र खात असत. मग खडवलीच्या दोघा भावांचं बांधावरून भांडण झालं. एक भाऊ चिंचेखाली आला, दुसरा लिंबाखाली गेला. दोन्ही अर्ज एकाच दिवशी वाचले गेले, आणि ते ऐकता ऐकताच दोघा भावांना रडू कोसळून त्यांनी कचेरीच्या पायरीवर एकमेकांना मिठी मारली. सगळा तालुका खूश झाला. नाराज झाले ते हे दोघे अर्जनवीसच. एवढं चांगलं भांडण समोरच्याने आपल्या वाईट अर्जाने मातीत घातलं, असं दोघांनाही मनापासून वाटलं. त्या दिवसापासून वीस-बावीस वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं.

वर्षातला एक दिवस मात्र त्याला अपवाद होता. अर्जनविसाचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. त्यासाठी ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत अर्ज जाई, आणि तिथे तो ज्या टेबलावर येई त्या टेबलाचा कारकून मीच होतो. आता दुसऱ्यांचे हजारो अर्ज लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचा एक अर्ज लिहिणं काय अवघड? पण मामा ते पाप मानत. "आपल्याच हकीकतीत आपल्याला चूक दिसत नाही," ते म्हणत. "अर्जदार वेगळा, अर्जनवीस वेगळा." आणि कल्याणात दुसरा अर्जनवीस तर एकच. तेव्हा मामा अंगरखा घालून, पागोटं नीट करून रस्ता ओलांडत आणि लिंबाखाली अर्जदाराच्या जागी जाऊन बसत.

बोलणं बंद असल्यामुळे दोघेही एकमेकांशी कागदाच्या भाषेत बोलत. मामा आभाळाकडे बघून म्हणत, "अर्जदाराचं म्हणणं असं की, अर्जदाराचे वडील..." समोरचे बोरू उचलून झाडाच्या बुंध्याला सांगत, "अर्जदाराने वडिलांना सोडून बोलावं." शेवटी चार ओळींचा अर्ज हातात पडे. "माझा सगळा जन्म चार ओळींत!" म्हणून मामा घरी येऊन हळहळत. मग दोन दिवसांनी लिंबाखालचे चिंचेखाली येत आणि मामा सूड घेत. ते त्यांचा अर्ज सहा पानांचा लिहीत. हे दोन्ही कागद माझ्याकडे येत म्हणून मला ठाऊक आहे, त्या सहा पानांत दर वर्षी एक वाक्य असे: "सदर इसम अक्षराने निर्दोष, आचरणाने स्वच्छ व बोलण्याने मोजका असून, त्याच्यासारखा अर्जनवीस या तालुक्यास पुन्हा मिळणे कठीण." खाली ज्याच्याबद्दल ते लिहिलं त्याचीच सही असे. वाचूनच केलेली.

एका वर्षी ठाण्याला नवे गोरे कलेक्टरसाहेब आले. अर्ज वाचता येत नाहीत अशी त्यांची कुरकुर होती. त्यांनी हुकूम काढला की सगळ्या अर्जनविसांनी जातीने हजर व्हावं, सांगितलेला मजकूर समोर बसून लिहून दाखवावा, आणि ज्याचं अक्षर वाचता येणार नाही त्याचा परवाना बंद. हुकमाची नक्कल माझ्याच हाताने झाली. दुसऱ्या दिवशी माझी रजा होती, म्हणून दुपारीच मी ही बातमी द्यायला चिंचेखाली गेलो. मी त्यांच्यापासून तीन हातांवर उभा होतो. मामांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या, बसा. काय तक्रार आहे?"

मला वाटलं, थट्टा. मी हसलो. हसण्याचा आवाज ओळखून ते चपापले, आणि मग मला त्यांच्या डोळ्यांतली ती दुधाळ झाक दिसली. इतके दिवस एका पंगतीला बसून मला ती दिसली नव्हती याची आजही लाज वाटते.

"उजेड कळतो, माणूस कळत नाही," ते हळूच म्हणाले. "दोन वर्षं झाली. तिला सांगू नका."

"पण मग लिहिता कसे?"

त्यांनी दाखवलं. कागदाला आधीच घड्या पाडलेल्या होत्या. डाव्या हाताचा अंगठा घडीवर ठेवून ते त्या घडीच्या आधाराने मोडीची लांब ओळ ओढत, आणि मग तिच्याखाली अक्षरं लावत जात. दौत पेटीच्या उजव्या कोपऱ्यातल्या खाचेत कायमची बसवलेली. चाळीस वर्षांचा सराव होता. हाताला डोळ्यांची गरजच उरली नव्हती. ते अक्षर पाहून कोणाला शंका यायची सोय नव्हती.

मी हुकूम सांगितला. मी म्हणालो, "मामा, मी चिटणिसांच्या कानावर घालतो. तुमच्यापुरती सवलत..."

"नको," ते एकदम म्हणाले. "जावईबापू, तुमचा शब्द माझ्या अर्जाला जोडलात की तो अर्ज राहणार नाही. सकाळी उठून मला इथे यायचं असतं. हा परवाना गेला तर मी उठायचं कशासाठी?" एवढी थोडक्यात मागणी त्यांनी जन्मात कधी केली नसेल.

ठरल्या दिवशी ठाण्याच्या कचेरीत जाजमावर डझनभर अर्जनवीस ओळीने बसले. पेट्या बाहेर ठेवायच्या होत्या. बोरू, कागद आणि शाई टिपायची वाळूची डबी तेवढी आत आणायची मुभा होती. दौती कचेरीच्या. साहेब खुर्चीवर, चिटणीस उभे, मी दाखले घेऊन भिंतीशी. मामांच्या शेजारी, तोंड दुसरीकडे करून, लिंबाखालचे.

चिटणिसांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. "एका इसमाचे कुंपण शेजाऱ्याने मोडले..."

मामांनी हात वर केला. "नाव काय त्याचं?"

"नाव नाही. नमुन्याचा मजकूर आहे."

"बिननावाच्या माणसाचं सरकार कसं ऐकणार? बरं, कुंपण कोणत्या बाजूचं?"

"अहो, सांगतो तेवढंच लिहा!"

"लिहितो," मामा खेदाने म्हणाले, "पण हा अर्ज नामंजूर होईल." साहेबांनी चिटणिसांना अर्थ विचारला आणि ते मोठ्याने हसले. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्यात माझं लक्ष नको तेव्हा ढळलं.

पुन्हा पाहिलं तेव्हा मामांचा अंगठा घडीवर होता, हात झरझर चालला होता, आणि कागद कोरा होता. कचेरीची दौत त्यांच्या पेटीतल्यापेक्षा वीतभर पुढे ठेवलेली होती. ते दर वेळी सवयीने बोरू बुडवत होते तो दौतीच्या अलीकडे, जाजमावर. सगळं पान त्यांनी कोरड्या बोरूने लिहिलं. शेवटी सही केली, वरून वाळू टाकली, झटकली, आणि समाधानाने हात मांडीवर ठेवले. चिटणीस त्या टोकापासून कागद गोळा करत येत होते.

तेवढ्यात लिंबाखालचे उठून उभे राहिले. ज्याने वीस-बावीस वर्षांत फालतू शब्द खर्चला नाही तो माणूस साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असा ओरडला, "चिटणीससाहेब, ह्यांच्या दौतीत शाई नाही, नुसतं पाणी भरलंय! कागद कोरा राहिला की ह्यांचा!" आणि कोणी बघायच्या आत त्यांनी ती दौत उचलून खिडकीबाहेर उपडी केली. बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर हातभर काळा ओघळ गेला. मग त्यांनी स्वतःची दौत मामांच्या उजव्या हाताशी ठेवून, त्यांचं मनगट धरून ते तिच्यापर्यंत नेलं, आणि नेहमीच्या बारीक आवाजात जाजमाकडे बघत म्हणाले, "अर्जदाराने इथे बुडवावं."

मामांनी नवा कागद मागितला, घड्या घातल्या आणि लिहायला लागले. साहेबांनी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि मान डोलावली. चिटणीस खिडकीशी उभे होते. तो ओघळ त्यांना दिसला असणारच. त्यांनी तपकिरीची डबी काढली आणि मला म्हणाले, "ह्यांचा परवाना भरा." मी भरला. माझं अक्षर त्या दिवशी चांगलं आलं नाही.

परत येताना स्टेशनच्या बाकावर मामा बराच वेळ परवाना चाचपत बसले होते. लिंबाखालचे त्याच फलाटावर, पण दूर दुसऱ्या टोकाला. "त्या दौतीत शाई होती ना?" मामांनी विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं, पण जमलं नाही. "होती," मी म्हणालो.

"मला वास येत होता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आता मी लिहिणार नाही."

"मामा, मग एवढा खटाटोप कशासाठी केलात?"

"मला चिंचेखालून उठवलं, असं व्हायला नको होतं, जावईबापू. मी उठलो, असं व्हावं."

ते वर्षभर मामा परवाना खिशात घालून रोज चिंचेखाली जात राहिले, पण बोरूला हात लावला नाही. लोक येत, मामा सगळी हकीकत ऐकून घेत, कुठे काय राहिलं ते विचारत, आणि मग म्हणत, "आता समोर जा. त्यांना सांग, अर्जदार तयार करून पाठवला आहे." समोरचे लिहीत. त्यांचे अर्ज हळूहळू पानभर होऊ लागले. एकमेकांशी मात्र ते अखेरपर्यंत सरळ बोलले नाहीत.

वर्ष संपलं. मामांचा अर्ज आला नाही. परवान्यांच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे शेरा लिहिणं माझ्या कामात होतं. आजवर त्या रकान्यात दोनच शेरे पडत आले होते, 'मयत' नाहीतर 'काढून टाकले'. मी बोरू हातात धरून बसून राहिलो. मामांचे आमच्यावर कितीही उपकार असले तरी सरकारी कागदावर माया लिहायची सोय नसते, आणि त्या दिवशी मला ती लिहायची होती. शेवटी मी लिहिलं, 'स्वखुशीने उठले'. कोणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी जेवताना मी त्यांना ते सांगितलं. त्यांचा घास हातात राहिला. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली होती, आणि मला वाटलं त्यांना अजून एकदा ऐकायचं असेल, म्हणून मी तिसऱ्यांदाही सांगितलं. ताक वाढायला आलेली माझी बायको वाटी हातात घेऊन दारातच उभी राहिली.