डब्यातला भोपळा

स्तेफानियाचा बुधवार कुणी मोडू शकत नसे. चर्चचं तळघर, लांब टेबल, बारा बायका, आणि बटाटा-चीज भरलेल्या पेरोगींना, त्यांच्या उकडलेल्या करंज्यांना, मुरड घालणं. एकतीस वर्षं. नवरा गेला त्या आठवड्यातही ती आली होती. हात चालत तशी तोंडंही चालत, आणि तोंडात एकच विषय, कुणाचा मुलगा कुणाच्या मुलीला. तिच्या ओरेस्तला त्या टेबलानं आजवर सात मुली सुचवल्या होत्या, सगळ्या आपल्या युक्रेनी घरांतल्या. ओरेस्त एकोणचाळीसचा, विनिपेगच्या बस दुरुस्त करणारा. प्रत्येकीबरोबर एकदा कॉफी पिऊन यायचा आणि म्हणायचा, "बरी आहे."

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी तो बर्फाच्या बुटांसकट जिना उतरून आला.

"आई, हात धू. हॉस्पिटलात यायचंय. रोवेना आजारी आहे."

"कोण रोवेना?"

टेबलावरचे सगळे हात थांबले.

गाडीत त्यानं सांगितलं. दोन वर्षं झाली. दातांच्या दवाखान्यात असते. फिलिपिनो. तिनं घरी सांगितलं नव्हतं, कारण आईबापांनी तिकडचा एक इंजिनियर ठरवत आणला होता.

"आणि तू का नाही सांगितलंस?"

"तुझ्यामुळे," तो म्हणाला.

आता रोवेनाच्या मेंदूला सूज होती. सहा दिवस शुद्ध नव्हती, श्वास यंत्रावर. चार वाजता डॉक्टर डोकं उघडणार होते.

"त्याआधी मला तिला बघायचंय. आत कुणाला सोडायचं ते घरचे ठरवतात. तिची आई म्हणाली, आमच्यात मुलगा एकटा येत नाही. घरच्यांना आणतो, खायला आणतो, मग मुलगी मागतो."

"वाटेला लावलं तुला तिनं."

"असेल."

तळघरातून उचललेलं पेरोगींचं गरम भांडं मांडीवर धरून स्तेफानिया रस्ता बघत बसली. ते नाहीच म्हणतील, तिच्या मनात आलं. म्हणजे मला म्हणावं लागणार नाही. एक लहानसा, ओंगळ आनंद पोटात हलला. तिनं तो ओळखला, आणि हलू दिला.

प्रतीक्षा-खोलीत दोघं होती. आई पर्लिता, ठेंगणी, मनगटाला जपमाळ गुंडाळलेली. बाप नेस्तोर, भिंतीकडे बघणारा. स्तेफानियानं भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. ओरेस्तनं त्यांच्या रीतीनं वाकून पर्लिताचा हात कपाळाला लावला. स्वतःच्या आईपुढे तो असा कधी वाकला नव्हता.

"दोन वर्षं लपवलं यानं," पर्लिता म्हणाली.

"माझ्यापासूनही."

"तुम्हाला चालेल आमची मुलगी?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते. खोटं बोलणं सोपं होतं.

"मी तिला पाहिलेली नाही," स्तेफानिया म्हणाली. "हा मात्र चांगला आहे. गबाळा आहे, पण चांगला."

पर्लितानं पिशवीतून एक डबा काढून स्तेफानियाच्या हातात ठेवला. स्तेफानियानं झाकण उघडलं. नारळाच्या दुधात शिजवलेला भोपळा.

तिच्या लोकांत मुलगी मागायला गेलं आणि मुलीच्या घरानं हातावर भोपळा ठेवला, की विषय संपला. वर शब्द बोलायचा नसतो. तिच्या आजोबांनी असाच एक भोपळा काखेत मारून गाव सोडलं होतं, ते थेट कॅनडात येऊन थांबले. हे ओरेस्त लहानपणापासून ऐकत आला होता. त्यानं डब्यात पाहिलं आणि खुर्चीत बसला.

तिला हवं ते मिळालं होतं. नुसतं 'चल' म्हणायचं होतं. स्तेफानियानं मुलाकडे पाहिलं. नखांतलं काळं ग्रीस आज त्यानं खरवडून काढलं होतं, कातडी सोलेपर्यंत. हा आता माझ्या टेबलाशी म्हातारा होईल, आणि प्रत्येक गोष्टीला बरी आहे म्हणेल.

तिनं झाकण लावून डबा परत केला. "हे मी घेणार नाही. हवं तर शिव्या द्या. हे नको."

पर्लिताचा चेहरा दगड झाला. नेस्तोर उठला. "आमचं अन्न चालत नाही. आणि मुलगी मागायला आल्या."

"काका, थांबा," ओरेस्त मध्ये आला. "आमच्याकडे भोपळा दिला म्हणजे नकार असतो."

पर्लितानं डब्याकडे पाहिलं, मग स्तेफानियाकडे.

"अहो ताई," पर्लिता म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. तोंडावर दिसतंय."

"नकार द्यायला ही भोपळा चिरत बसेल?" नेस्तोर म्हणाला. "तोंड काय कमी आहे तिला?"

स्तेफानियानं डबा परत घेतला आणि उभ्या उभ्या खाल्लं. आलं फार होतं. तिला आवडलं नाही. सगळं संपवलं.

"पण मी होकारही दिलेला नाही," पर्लिता म्हणाली.

"माहीत आहे."

तीन चाळीसला नर्स आली. ऑपरेशनआधीची शेवटची भेट, दोघंच. पर्लिता आणि नेस्तोर निघाले. दारापाशी पर्लिता थांबली, ओरेस्तकडे वळली.

"तू तिला हाक काय मारतोस?"

"वेंग."

ते घरातलं नाव होतं. बाहेर कुणाला माहीत नसायचं. पर्लितानं जपमाळेचा वेढा सोडला, पुन्हा गुंडाळला.

"माझ्या हाकेला ती सहा दिवसांत हलली नाही," ती म्हणाली. "तू जा. मोठ्यानं हाक मार."

तो नेस्तोरच्या मागून आत गेला. दार लागलं. पर्लिता येऊन स्तेफानियाशेजारच्या खुर्चीवर बसली. आतून एकदा हाक आली, मग पुन्हा. दोघी दाराकडे बघत तिसरीची वाट पाहत राहिल्या.