रिंग, स्टार आणि रहीमभाई

लातूरच्या एमआयडीसीत केबल ओढायला गेलं की काम अर्धवट राहील, पण किस्सा पुरा घेतल्याशिवाय माणूस घरी येत नाही! माझे बहुतेक किस्से रहीमभाईंचे. ते जुने इलेक्ट्रिशियन, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी नेटवर्कवाला. दोघं मिळून कामं घ्यायचो.

एका डाळमिलमध्ये सगळ्या मशीनचे स्क्रीन एकदम गोठले. मी चार तास सेटिंग तपासत बसलो. काही कळेना. शेवटी पाहिलं, तर एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबल एकत्र येतात त्या डब्यात; संदेश तिथंच गोल गोल फिरत होते!

"रहीमभाई, हे कुणी केलं?"

"मीच. एक टोक मोकळं लोंबून राहिलं होतं. बरं दिसत न्हाई ना!"

त्याच मिलमध्ये केबल वाचवायला मॅनेजरनं सात मशीन माळेसारखी एकामागून एक जोडायला लावली होती. एक दिवस तिसरं धुवायला बंद केलं, तर ऑफिसातल्या स्क्रीनवरून चौथ्यापासून सातव्यापर्यंत सगळी गायब. मॅनेजर धापा टाकत आला, "चार मशीन चोरीला गेली का हो?" पाठीमागं चारही मशीन धडधडत होती!

मग कोचिंगचं पेव फुटलं. एका क्लासच्या संचालकांना सगळ्या वर्गांत कॅमेरे हवे होते. मी जोडणीचे दोन प्रकार सांगितले: मधल्या एका स्विचपासून प्रत्येकाला वेगळी केबल तो स्टार, सगळ्यांना गोल फिरवून जोडलं की रिंग.

"स्टारच करा! आमच्याकडं सगळे स्टारच."

मी म्हणालो, "सर, स्टारमध्ये मधला स्विच गेला की सगळेच बंद."

"मधला कुठं बसणार?"

"तुमच्या केबिनमध्ये."

सरांनी दाराबाहेरची पालकांची रांग पाहिली. मग हळूच, "रिंग केली तर?"

रिंगचं खरं काम आलं ते तेलमिलमध्ये. पुण्याच्या इंजिनिअरनं नकाशा आणला. एक केबल तुटली तर दुसऱ्या बाजूनं काम चालू राहणार. दोन्ही केबल एकाच भिंतीवरून, केबलच्या एकाच पत्र्याच्या ट्रेमधून. रहीमभाई शिडीवरून खाली उतरले.

"दुसरी पलीकडच्या भिंतीवरून नेऊ."

इंजिनिअर म्हणाला, "काका, वाट लांब पडते. भिंतीला काय होतंय?"

मलाही वाटलं, आज म्हातारा उगीच अडून बसलाय. रहीमभाई औशाकडचे, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पट्ट्यातले. त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"साहेब, भूकंपाच्या आधी आमच्या घराला दोन दारं होती. दोन्ही एकाच भिंतीत."