जहाजवाल्याचा बर्फ

बायको मला जहाजवाले म्हणायची. मी समुद्र पाहिलेला नाही. नर्मदेत नावेत बसलो तरी कडा घट्ट धरून बसतो. आता ती गेली आणि त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. माझं शिक्षण चार बुकं. चुकलं तर चुकलं.

लग्न झाल्यावर आम्ही कांचघर मोहल्ल्यात एका खोलीत राहायचो. मी बमगोळ्यांच्या फॅक्टरीत होतो. ती नागपूरकडची, सातवी पास, वाचायचा भारी नाद. मराठी वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि संध्याकाळी मी जेवायला बसलो की मोठ्यानं वाचायची. मला पुस्तकात काही रस नव्हता. तिचा आवाज आवडायचा, म्हणून पोळी हळूहळू खायचो.

एकदा तिनं एक फाटकं पुस्तक आणलं. अमेरिकेतल्या एका जहाजमालकाची हकिकत. आपल्याकडे कंपनी सरकारचं राज होतं तेव्हाचा माणूस. दुसरे व्यापारी कापूस, चहा, मसाले न्यायचे-आणायचे. हा थंडीत गोठलेल्या तळ्यातला बर्फ कापून जहाजात भरायचा आणि गरम मुलखात विकायला पाठवायचा.

"पागल आहे," मी म्हटलं.

"सगळे तेच म्हणत होते. कोणी याला जहाज भाड्यानं देईना. बर्फ वितळला तर जहाज आतून भरून बुडेल म्हणे. मग यानं स्वतःचंच जहाज घेतलं."

"मग? बुडालं?"

"जेवा तुम्ही. उद्या सांगते."

रोज असंच. पहिलं जहाज कुठल्या तरी बेटांवर गेलं. तिथल्या लोकांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. घरी नेला, ताटात ठेवला, परातीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी भांडायला आले, तुमचा माल खराब निघाला. हे वाचताना ती इतकी हसली की पुस्तक खाली ठेवावं लागलं. पुढं त्याचं जहाज कलकत्त्यालाही गेलं. भर समुद्रात चार महिने, वरून ऊन. हा तिकडे किनाऱ्यावर वाट पाहत बसलेला. जहाज परत येईपर्यंत माल पोचला की पाणी झालं, काही कळायचं नाही.

"याची बायको काय करत असेल हो तेव्हा?" ती म्हणाली.

"काय करणार? तुझ्यासारखी बडबड करत असेल."

तिनं पुस्तकच मारलं मला. वाचनालयाचं होतं तरी.

तेवढ्यात पाकिस्तानशी लढाई लागली. फॅक्टरी बारा-बारा तास चालायला लागली. आणि त्याच भादव्यात, ऊन नुसतं चावून राहिलं होतं, तिला मुदतीचा ताप आला. पोटात पोरगा, सहावा महिना. डॉक्टर म्हणाले, ताप वर चढू देऊ नका, बर्फाच्या पट्ट्या ठेवा, नाहीतर दोघांचंही अवघड आहे.

सुट्टी मागायला गेलो तर साहेब म्हणाला, "बॉर्डर पे लड़के मर रहे हैं, और तुझे छुट्टी चाहिए?" त्याचंही बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. मी कामावर गेलो.

दिवसभर शेजारची पंजाबी भाभी तिच्याजवळ बसायची. बर्फाचा कारखाना लांब, पार गोहलपूरला. भाभी लहान लेकरं टाकून तिथं जाऊ शकत नव्हती. म्हणजे सकाळी सायकलवर मी आणलेला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकायला पाहिजे. बर्फाचे गोळे विकणारे भुसा टाकतात तसा मीही लाकडाचा भुसा आणला. लादी भुशात गुंडाळून लग्नातल्या पितळी घंगाळात ठेवली, वर पोतं झाकलं. जे पाणी निघेल ते गारच, पट्ट्यांच्या कामाला येईल, फेकायचं काहून?

संध्याकाळी आलो तर घंगाळात पाणी आणि वर तरंगता भुसा. "भाईसाहब, दोपहर में ही ख़तम हो गई," भाभी म्हणाली. बायको तापानं फणफणली होती, मला ओळखेना. दुसऱ्या दिवशी मोठी लादी आणली, भुसा दुप्पट. तरी तेच. मी घंगाळाला लाथ मारली.

त्या आवाजानं तिनं डोळे उघडले. "अहो, तुम्ही त्या बेटावरच्या लोकांसारखं करून राहिले."

मला वाटलं तापात बोलून राहिली.

"घंगाळात पाणी साचते. बर्फ आपल्याच पाण्यात वितळते. त्याच्या जहाजात बर्फाखाली फळ्या होत्या. पाणी खाली जायचं, खलाशी उपसून टाकायचे. वाचलं होतं ना मी. तुमचं सगळं लक्ष पोळीत."

"इतकं गार पाणी फुकट जाईल ना."

"जाऊ द्या ना! पाणी सांभाळता की मले सांभाळता?"

सकाळी फळवाल्याकडून सफरचंदाची रिकामी पेटी आणली, फटीफटीची. मोरीत विटांवर ठेवली. सगळीकडून भुसा दाबला. पाणी सरळ मोरीत. मग दिवसभर माझे हात गोळ्यांवर आणि जीव त्या पेटीत. संध्याकाळी घराकडे वळलो तर भाभी दारातच उभी. मला मोरीत नेऊन, भुशात हात घालून तिनं नारळाएवढा तुकडा काढून दाखवला. पुस्तकातली जहाजाची गोष्ट तिला बायकोनं केव्हाच सांगितलेली.

"जहाज पहुँच गया जी!"

तिथून मी जहाजवाले झालो. लढाई आधी थांबली, ताप मागून उतरला. पोरगा थंडीत झाला, चांगला दणकट.

पुस्तकाचा शेवट तिनं नंतर वाचला. तो माणूस म्हातारा होऊन आपल्या घरीच वारला. कलकत्ता त्यानं कधी पाहिलंच नाही. ती म्हणाली, "इतका बर्फ पाठवला बिचाऱ्यानं, अन् पिणाऱ्याचं एक तोंड नाही पाहिलं."

या वैशाखात ती गेली. सकाळी चहा मागितला आणि चहा व्हायच्या आत गेली. पोरगा अमेरिकेत असतो, त्याच मुलखात. फोनवर म्हणाला, "बाबा, मी निघतो. मला आईचं तोंड पाहू द्या." थंड ठेवायची पेटी शोधली, मिळाली ती बिघडलेली. मोहल्ल्यातल्या मुलांनी बर्फाच्या लाद्या आणल्या, घर ओलं होऊ नये म्हणून मोठ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये नीट मांडल्या.

मी ओरडलो, "ट्रे हटाओ!"

"दादाजी, पानी पूरे घर में फैलेगा."

"फैलने दो."

रिछाईच्या लाकूड कापायच्या आरा मशीनवरून भुसा आणवला. विटांवर फळ्या टाकल्या, दाराकडे उतार ठेवला. कोणी तरी म्हणालं, बुढ्ढे का दिमाग फिर गया. फिरू दे. बर्फ वितळून खाली बसला की मी भुसा भरत होतो. पाणी उंबऱ्याखालून गल्लीत जात होतं.

पोरगा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बूट न काढताच आत आला. तिचं तोंड जसंच्या तसं होतं, आता रागवेल असं. त्यानं तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि लहानपणी रडायचा तसा रडला.

तो उठल्यावर मी वाकलो, तिच्या कानाशी.

"पोचलं गं जहाज," म्हटलं.