कुसुमताईंचा घडीचा फोन

अकोला आमच्या अमरावतीपासून दोन तासांवर. तरी माझ्या नणंदेच्या, कुसुमताईंच्या जाण्याची बातमी मला कळली ती हैदराबादहून. सकाळी माझ्या मुलीचा, रेवतीचा फोन आला. “आई, आत्या गेली...” एवढंच म्हणून ती रडायला लागली. ताई झोपेतच गेल्या होत्या. शेजारच्या बाईंनी त्यांचा फोन उघडला, तर सगळ्यात वर रेवतीचं नाव होतं. म्हणून तिलाच आधी लावला. ह्यांना उठवायला गेले तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मनात मात्र भलतंच चाललं होतं. ताईंच्या फोनमध्ये सगळ्यात वर माझ्या मुलीचं नाव... आणि माझ्या मुलीच्या फोनमध्ये सगळ्यात वर कुणाचं असेल?

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. जठारपेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्या ब्लाऊज शिवायच्या, आणि लग्नसराईत तिथं बायकांना उभं राहायला जागा नसायची. साठी ओलांडल्यावर त्यांनी हा घडीचा फोन घेतला. सगळा टचस्क्रीनचाच, पण मधोमध मिटणारा. मिटला की पावडरच्या डबीएवढा. त्याच सुमारास मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि नवा फोन हवा म्हणाले होते, तर “आहे तो चालून राहिला ना?” असं उत्तर मला घरातून मिळालं होतं. त्यामुळे अकोल्याला गेल्या गेल्या मी ताईंना विचारलंच, “काहून घेतला एवढा महागाचा?”

“आवडला म्हणून घेतला. मले कोनाले विचारा लागते?” असं म्हणून त्यांनी फोन टपकन मिटला आणि कमरेच्या बटव्यात टाकला. विषय संपला. ती मिटण्याची ऐट मला फार लागली. आमचे फोन रागात जास्तीत जास्त पालथे ठेवता येतात!

त्या फोनची त्यांनी बडदास्तही फार ठेवली. मशीनजवळ दोऱ्याचा बारीक भुगा उडायचा, उन्हाळ्यात दारातून धूळ यायची. ती बिजागरीत जाईल म्हणून उरलेल्या मखमलीची एक पिशवी शिवली होती. एकदा त्या चहा करायला आत गेल्या तेव्हा मी तो उघडून बोट फिरवलं. बरोबर मधोमध एक खोलगट रेघ बोटाला लागली. खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या बाहेर आल्याबरोबर म्हटलं, “ताई, हे पाहा, इथं खळगा पडला.” त्यांनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. “घडीवर रेघ येनारच ना, सुधा. शिवनारीले काय सांगून राहिली?”

पण माझा खरा जीव जळायचा तो संध्याकाळी. फोन अर्धा उघडून टेबलावर ठेवला की तो आपला आपण उभा राहायचा. रेवती ऑफिसातून घरी आली की व्हिडिओ कॉल लावायची, आणि इकडे ताई हूक लावताहेत, तिकडे ती पोळ्या लाटतेय, असं तासभर चालायचं. मला तिचे फोन यायचे ते लिफ्टमधून, नाहीतर रिक्षातून. एकदा त्या वेळेला मी अकोल्यातच होते. “अरे, आई पण आहे का? हाय आई,” म्हणाली आणि कणीक तिंबायला लागली. मग कुणीच बोलेना. ही कसली गप्पांची तऱ्हा? मीच विचारलं, काय केलंस, घरी कधी आलीस, खोकला गेला का. “आई, आत्ता नको ना गं...” ताईंनी दातानं दोरा तोडला आणि फोनकडे न बघताच म्हणाल्या, “आताच घरी आली ते. बसू दे तिले जराशी.”

माझ्याच मुलीला बसू द्यायला मला शिकवत होत्या! त्याच रात्रीच्या बसनं मी अमरावतीला परतले. दुसऱ्या दिवशी राजकमल चौकातून फोनचा स्टँड आणला, ओट्यावर मांडला आणि संध्याकाळी रेवतीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं उचलला, माझ्याकडे घाबरून पाहिलं आणि विचारलं, “काय झालं आई? बाबा बरे आहेत ना?”

ताईंची तेरवी झाली. शिलाई मशीन शेजारच्या बाईंना दिलं, साड्या वाटल्या. फोन मात्र रेवतीनं कुणाला न विचारता पर्समध्ये ठेवला. मला तो मिळेल, असं उगाच वाटत होतं. तसं म्हटलं, तर ती चकित झाली. “तुला कुठे आवडायचा तो?”

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी मेथी निवडत होते, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन भिंतीला टेकवला. तिनं नुसती मान हलवली आणि विळीवर पालक चिरायला घेतला. चेहरा उतरलेला होता. जेवलीस का, झोप लागते का, आत्याची फार आठवण येते का... सगळं ओठांवर आलं होतं. ते गिळून मी मेथीच्या काड्या मोडत राहिले. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. आमच्या गल्लीतून दूधवाला गेला. बऱ्याच वेळानं, खाली मान घालूनच ती म्हणाली, “आत्या, पातळ भाजीले बेसन आधी लावू का मंग?”

आपण काय बोललो ते तिला कळलंही नाही. ती चिरतच होती. आई आहे मी, असं सांगायला तोंड उघडलंसुद्धा...

“आधी पाण्यात कालवून घे,” मी म्हटलं. “नाई तं गोळे होतात.”