वरच्या पुलावरचं पाणी

वीजकेंद्राच्या वसाहतीत तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. दर सोमवारी खांद्याला रिकाम्या बाटल्यांची पेटी अडकवून ती ओढ्याकडे निघाली की फाटकावरचा रखवालदार हमखास विचारायचा, “काय बाटलीबाई, सकाळी सकाळीच बाटली?” विनोद शिळा झाला होता, पण ती दर वेळी हसायची. कुणाचं मन मोडायचं तिच्या जिवावर यायचं. पुढे जे घडलं ते या स्वभावापायी घडलं, असं ती कधी कधी म्हणायची आणि स्वतःलाच अडवायची, “छे, स्वभावाला कशाला बोल लावायचा? केलं ते मी केलं.”

वीजकेंद्रात कोळसा जळायचा. मागे उरलेली राख पाण्यात कालवून एका भल्यामोठ्या तलावात सोडायचे. राख तळाशी बसायची आणि वरचं पाणी बांधावरून ओढ्यात उतरायचं. ते पाणी कसं आहे हे तपासणं ही प्रयोगशाळेची जबाबदारी, आणि बाटल्या भरून आणणं तिची. नोकरीला लागली त्या आठवड्यात तिथल्या जुन्या मदतनिसानं तिला काम समजावलं. “बाटली स्वच्छ धुवायची, चिठ्ठी लावायची, आणि नमुना वरच्या पुलावरून घ्यायचा. खाली बांधापाशी जायचं नाही. पाय घसरतो.”

वरचा पूल तलावाच्याही वर होता. तिथं डोंगरातला झरा ओढ्याला मिळायचा आणि पाणी असं, की तळातले खडे मोजावेत. राखेचा आणि त्या पाण्याचा काडीचा संबंध नव्हता. पहिलं वर्ष तिनं विचार केला नाही. दुसऱ्या वर्षी एका सोमवारी ती आपणहून बांधाखाली उतरली. तिथं चांगल्या दगडी पायऱ्या होत्या. पाय काही घसरला नाही. ते पाणी तिनं यंत्राला लावलं तर आर्सेनिकचा आकडा मर्यादेच्या पाचपट आला. ती धावतच प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेली. साहेबांनी कागद बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

“बाटली नीट धुतली नसेल तुम्ही.”

“धुतली होती, साहेब.”

“नसेल धुतली,” साहेब मऊ आवाजात म्हणाले. “तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे ना?”

तिनं बाटली बेसिनमध्ये ओतली. पुढची दहा वर्षं ती मूग गिळून वरच्या पुलावर जात राहिली आणि अहवालाखाली सही करत राहिली.

ओढ्याच्या खालच्या अंगाला एक वस्ती होती. तिथं तिची थोरली नणंद राहायची. ताईंचा भाजीचा मळा होता आणि त्यांची विहीर ओढ्याच्या काठालाच होती. मळ्याला तेच पाणी, प्यायलाही तेच. ताईंचा या भावजयीवर भारी जीव. दर आठवड्याला कुणा ना कुणाच्या हाती भाजीची पिशवी यायची. पालकाची जुडी, कोवळ्या काकड्या, टोमॅटो. बाटलीबाई आलेल्या माणसाला पाणी द्यायची, ताईंची चौकशी करायची, आणि दार लावून घेतलं की पिशवी कचऱ्याच्या डब्यात रिकामी करायची. बाजारातून दुसरी भाजी आणायची. नवऱ्याला आणि दोन्ही मुलींना वाटायचं, ही ताईंचीच. “ताईच्या भाजीची चवच वेगळी,” नवरा म्हणायचा, आणि ती त्याच्या ताटात आणखी वाढायची.

एका दुपारी ताई न सांगता आल्या. शहरात चष्म्याचा नंबर तपासायला आल्या होत्या. ती चहा टाकत होती, म्हणून गाळण्यातला सकाळचा चोथा टाकायला त्या स्वतःच उठल्या. डब्याचं झाकण उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

“अगं, ही माझी जुडी ना? गाठ तर माझ्याच हातची आहे.”

“किडकी निघाली, ताई.”

“माझी भाजी? किडकी?” ताईंना राग येण्याऐवजी हसूच आलं. त्यांनी डब्यातली वरची काकडी उचलली, नळाखाली धुतली, मोडून बघितली. आत कीड नव्हती. “बघ. उगाच आपलं काहीतरी. तुम्हा शहरातल्या लोकांना डाग दिसला की कीड दिसते,” असं म्हणत त्यांनी तो तुकडा तोंडाकडे नेला.

तिनं झडप घालून तो हिसकावून घेतला.

चहा उतू गेला. गॅस बंद करायचंही भान कुणाला राहिलं नाही. मग ती बोलायला लागली. बांध, पूल, पायऱ्या, बाटली, सही, सगळं. मान खाली घालून, फरशीकडे बघत. ताईंनी मधे एकच विचारलं.

“किती वर्षं?”

“दहा.”

“माझी नात सहाची आहे.” ताईंनी डब्याचं झाकण लावलं. “तुझ्या पोरींच्या पोटात नाही जाऊ दिलंस ना? बरं केलंस. आईनं तेच करावं. पण मला नुसतं सांगायचं होतंस. साहेबाशी भांडली नसतीस, नोकरी सोडली नसतीस, तरी चाललं असतं. दार लावून घ्यायचं आणि कानात सांगायचं, ताई, पिऊ नका. एवढंही तुला जमलं नाही?”

त्या उठल्या आणि पायात चपला घालून निघून गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणजे काय होतं, हे तिला त्या दिवशी कळलं. जिवंत माणसाला निदान रडू तरी येतं.

सोमवारी ती बांधाखालच्या पायऱ्या उतरली. या वेळी आकडा सातपट होता. साहेब म्हणाले, पुन्हा घ्या. तिनं पुन्हा घेतला. साहेब म्हणाले, अहवाल मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा. तिनं पेन खाली ठेवलं. तिसरी बाटली तिनं पदरमोड करून दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेतली आणि तो कागद वस्तीच्या हाती दिला.

वस्तीतल्या शाळेत सभा भरली. वीजकेंद्राचे अधिकारी आले, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “इतकी वर्षं पाणी चांगलं आहे म्हणून कागद येत होते. ते पाणी भरत कोण होतं?”

साहेब पुढ्यातले कागद चाळत राहिले. बाटल्या कोण भरायचं हे वस्तीत ताईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. गप्प बसली असती तर निभावून गेलं असतं. ती उभी राहिली.

“मी.”

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण शेजारी बसलेल्या बाईनं फक्त आपलं लेकरू तिच्याजवळून उचलून पलीकडच्या मांडीवर घेतलं.

यथावकाश वरच्या झऱ्यावरून वस्तीला नळ आला. तलावाच्या तळाला अस्तर घालायचं काम सुरू झालं, ते अजून चालूच आहे. तिची बदली भांडारात झाली. तिथं ती हातमोजे आणि झाडू वाटायची. ताईंनी मळा बंद केला. फोन यायचा तो भावाला. तिची चौकशी नसायची.

वर्षभरानं ताई अचानक दारात उभ्या राहिल्या. सोबत नात होती. मुलीच्या तळहातांवर खडबडीत गाठी उठल्या होत्या. ताई आत आल्या नाहीत. इस्पितळातला लिफाफा तिच्या हातात देऊन म्हणाल्या, “डॉक्टर भराभर बोलतो, मला समजत नाही. आकडे तुला कळतात. वाच.” आणि थोडं थांबून, “या वेळी खरं वाच.”

ती उंबऱ्यातच खाली बसली. मुलगी तिच्या खांद्याला टेकून कागदात डोकावत होती. आकडे चांगले नव्हते. घसा साफ करून तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.