अक्कांच्या प्रार्थनेविषयी मी सांगितलेले खोटे

एका बाईचे बोलणे मी तिच्यादेखत खोटे करून सांगितले आणि त्यामुळे तिला अकरा वर्षे प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळाला नाही. हे आधीच लिहून टाकतो. पुढे सवडीने लिहीन म्हटले तर मी आडवाट काढीन, इतके मी स्वतःला ओळखतो.

त्या वेळी मी धुळ्यास मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांपैकी एक होतो. त्या बाईंना सगळे अक्का म्हणत. त्या विधवा होत्या, कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, मजुरीला जात. रविवारी सर्वांच्या आधी येऊन उपासनेच्या चटया अंथरत. प्रभुभोजनासाठी मनुका उकळून रस काढायचे कामही त्यांचेच होते.

अक्कांनी प्रार्थना केली की दुखणेकरी बरा होतो, अशी बोलवा हळूहळू झाली होती. जिनातल्या एका मजुराचा आखडलेला हात सुटला. त्या हाताने त्याला कापसाची गासडी ढकलताना मी पाहिले आहे. आधी तो किती आखडला होता, ते मात्र मी पाहिले नव्हते. मग मंडळीबाहेरच्या बायाही येऊ लागल्या आणि अक्कांपुढे नारळ ठेवू लागल्या. अक्का खेकसत, "मी काय भगत शे का? नारळ घर लई जा, चटनी करा!"

आमच्या साहेबांना, म्हणजे मिशनच्या गोऱ्या पाळकांना, त्या नारळांची धास्ती वाटली. माणूस कठोर नव्हता. पण लोक येशूला सोडून अक्कांच्या हाताला पुजू लागतील, ही त्यांची भीती खरी होती. त्यांनी उपदेशात सांगितले की, रोग बरे करण्याची देवाची दाने येशूच्या पहिल्या प्रेषितांच्या काळापुरती होती. रोप लहान असते तोवर रोज पाणी घालावे लागते, मूळ धरल्यावर लागत नाही. असोद्याहून मुलीकडे आलेले एक आबा माझ्या शेजारी बसले होते. ते पुटपुटले, "सायबाले एकदा केळीच्या बागात न्या." केळीला शेवटपर्यंत पाणी लागते. मला हसू आले, ते मी खोकून दडवले. पुढच्या रविवारच्या वर्गात मी साहेबांचेच म्हणणे शिकवले, रोपाच्या दृष्टांतासह.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस माझी पत्नी तापाने पडली. आम्हाला मूल नव्हते. घरात आम्ही दोघेच. दवाखान्याचे औषध लागू पडेना. बुधवारी दुपारी, आमच्या चाळीत कोणी नसताना, मी जिनाच्या फाटकाशी जाऊन अक्कांना बोलावून आणले. वाटेत म्हणालो, "अक्का, हे कोणाला कळता कामा नये."

"बरं, मास्तर," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांनी पत्नीच्या कपाळावर हात ठेवला आणि घरातच बसलेल्या कोणाशी बोलावे तशी अहिराणीत प्रार्थना केली. ती लहान होती. मला वाटले होते त्याहून फारच लहान. मागायचे ते मागून झाल्यावर उठताना म्हणाल्या, "मी मांगं. पुढलं त्याना हातमा शे."

संध्याकाळी ताप उतरला. पत्नीने कढी मागितली, दोन घास भातही खाल्ला. मी ओसरीवर जाऊन रडलो. देवाचे दान आजही चालू आहे, हे मंडळीपुढे कोणत्या शब्दांत सांगावे, याची मनात जुळवाजुळवही केली. शुक्रवारी ताप परत आला आणि शनिवारी ती गेली.

प्रार्थना ऐकलीच गेली नसती तर मी सोसले असते. ते मधले दोन दिवस मला सोसवले नाहीत. अक्का दफनाला आल्या तेव्हा मी तोंड फिरवले.

महिन्याभराने साहेबांनी अक्कांना बंगल्यावर बोलावले. साहेबांना पुस्तकी मराठी उत्तम येई, पण अहिराणी कळत नसे. मी धुळ्यातच वाढलेला, म्हणून दुभाष्या मी. व्हरांड्यात आम्ही तिघेच होतो. साहेबांनी विचारले, "तुमच्या हातात बरे करण्याचे सामर्थ्य आहे, असे तुम्ही लोकांना सांगता काय?"

अक्का म्हणाल्या, "मी कोनले सांगं नही बरं व्हई म्हनीसन. मना हातमा काय शे? मी मांगस. देनारा तो शे."

मी फक्त मागते, देणारा देव आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "त्या म्हणतात, देवाने हे दान त्यांच्या हातात दिले आहे."

अक्का अहिराणी बोलत, तरी आमची मराठी त्यांना पुरती समजे. पंधरा वर्षे त्या मराठीतूनच उपदेश ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नजर खाली घातली. त्या काही बोलल्या नाहीत. मास्तरांनीच मला बोलावले होते, हेही त्या बोलल्या नाहीत.

दावा सोडून पश्चात्ताप करीपर्यंत अक्कांनी प्रभुभोजन घेऊ नये, असा निर्णय साहेबांनी मंडळीपुढे सांगितला. न केलेला दावा त्या सोडणार कशा? त्या पहिल्या चटईवरून उठून दाराजवळ बसू लागल्या. चटया मात्र त्याच अंथरत. भाकरीचे ताट आणि प्याला रांगेतून फिरवण्याचे काम पंच म्हणून माझ्याकडे होते. शेवटच्या रांगेपाशी येऊन मी प्याला घेऊन मागे वळत असे. अक्का हात मांडीत घेऊन, मान खाली घालून बसलेल्या असत. त्यांच्याकडे आजारी माणसे येईनाशी झाली. माझ्याकडेही कोणी येत नसे. शाळा सुटली की मी कुलूप काढून त्या खोलीत शिरे, एकट्यापुरते शिजवी, आणि अर्धे उरे.

अकराव्या वर्षी साहेब कायमचे मायदेशी निघाले तेव्हा मी त्यांना पोहोचवायला चाळीसगावपर्यंत गेलो. फलाटावर ते म्हणाले, "मास्तर, अक्कांविषयीचा निर्णय मला अजून टोचतो. पण त्यांचे बोलणे तुम्ही ऐकलेच होते ना?"

"होय, साहेब," मी म्हणालो. गाडी गेली. पहिल्या खोट्याला दुःखाचे निमित्त तरी होते. या दुसऱ्याला काहीच नव्हते.

तोवर अक्कांचे गुडघे गेले होते आणि त्या नुकत्याच अमळनेरला भाचीकडे राहायला गेल्या होत्या. मी तिकडे निघालो. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नसे. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटर दोनदा थांबली. दोन्ही वेळा उतरून परत फिरावे असे मला वाटले. अक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले.

"माले तवयच समजनं व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमनी बायको नुकती जायेल व्हती. तुमले आखो काय बोलू?" त्यांनी मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. "पन माले एकलीले सांगीसन काय फायदा, मास्तर? बठ्ठी मंडळीनी ते आयकेल शे." सगळ्या मंडळीनेच ते खोटे ऐकले होते, हे खरे होते.

बरे करण्याची ती दाने आज चालू आहेत की प्रेषितांबरोबर संपली, हे मला अजून सांगता येत नाही. तो सुटलेला हात मी पाहिला आहे आणि माझ्या पत्नीची कबरही. अक्कांना यातले काही सिद्ध करायचे नव्हते. त्यांना मंडळीबरोबर भाकर मोडायची होती.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी भाची त्यांना धुळ्यास घेऊन आली. अक्का सवयीने दाराजवळच बसल्या. नव्या पाळकांची परवानगी घेऊन, भाकर मोडण्याआधी मी उभा राहिलो. मी म्हणालो, "अक्कांनी बरे करण्याचा दावा कधीच केला नव्हता. साहेबांना मी खोटे सांगितले. माझ्या पत्नीसाठी मीच त्यांना चोरून बोलावले होते आणि ती गेली म्हणून त्यांच्यावर राग काढला. अकरा वर्षे मी यांच्यासमोरून प्याला परत नेला. अक्का, मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा."