दंडावरची बोटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या नवऱ्याला, अमोलला, तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कोणी नाही — म्हणूनच बहुधा तोंड उघडतंय.

मला सातवा महिना होता. एका सकाळी आंघोळ करताना डाव्या दंडावर डाग दिसले. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला — काळेनिळे, कुणीतरी घट्ट धरल्यासारखे. दुखत मात्र नव्हतं. अमोलला दाखवले तर त्याचा चेहरा उतरला. त्याचे वडील त्याच्या आईला मारायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा विषय निघाला की हा अजूनही आवाज बारीक करायचा. "झोपेत मी धरलं का गं तुला?" त्यानं विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. तेव्हा तरी नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या, प्लेटलेट्स फार कमी झाल्यात. जरासा दाब पडला तरी डाग उठेल, कधी दाबाशिवायही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, रक्त वरचेवर तपासायचं, आणि बाळंतपण रक्तपेढी जवळ असेल तिथेच. अमोल खाली गाडी लावायला जागा शोधत होता. तो वर आल्यावर मी म्हणाले, सगळं ठीक आहे, ताकदीच्या गोळ्या दिल्यात.

का? तो पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला, त्यात द्राक्षांचा सीझन — माझ्याकडे बघायलाही त्याला सवड नसायची. डाग उठले आणि तो बघायला लागला. पाणी आणून द्यायचा, उशी सारखी करायचा, पण मला हात लावण्याआधी थबकायचा. मला ते आवडलं. हो, आवडलंच.

डाग वाढत गेले. मनगट, मांडी, पायांवर सुई टोचल्यासारखे लाल ठिपके. तो हॉलमध्ये झोपू लागला, तरी सकाळी माझ्या दंडावर नवी बोटं. आपण झोपेत चालत येतो की काय, असं त्याला वाटायला लागलं. एकदा मी उठून बाहेर आले तर तो झोपलेला, आणि दोन्ही मनगटं टॉवेलनं बांधलेली. गाठ दातांनी मारलेली. त्या दिवशीही माझ्या अंगावर डाग होते. गाठ ढिली पडली असेल, तो म्हणाला.

सासूबाई दिंडोरीजवळच्या गावाहून आल्या. त्यांनी माझा दंड पाहिला, मग मुलाचे पंजे हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले.

"हात बापाचाच हाय तुझा," एवढंच बोलल्या.

माझं एक वाक्य पुरलं असतं ना? मी खाली मान घालून मेथी निवडत राहिले.

शेवटी त्यानंच मला माहेरी, चांदवडला सोडलं. माझ्यापासून लांब राहा, म्हणाला. खोटं उघडं पडेल म्हणून तिथे मी रक्त तपासायचं टाळलं, गोळ्याही मधूनच घ्यायची. डाग थांबले नाहीत. एका दुपारी जाग आली तर माझाच उजवा हात डाव्या दंडावर आवळलेला होता. हात काढला, डाग बघितले, बोटं पुन्हा त्यांच्यावर ठेवली. बरोबर बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि संन्याशाला ठाऊकही नव्हतं. लाज वाटली. फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

पुढे हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा बाबांनी गाडीत घालून नाशिकला आणलं. रक्त इतकं पातळ, की कळा कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन देता येईना. प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवल्या, कळा तशाच सोसल्या. मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं, ती ठणठणीत निघाली. डॉक्टरांनी अमोलला सांगितलं, या आजारात हलकं धरलं तरी डाग उठतात. त्यानं त्यातलं "धरलं" एवढंच ऐकलं. नर्सनं बाळ पुढे केलं, तर त्यानं हात पाठीमागे नेले.

आता माझ्या प्लेटलेट्स चांगल्या आहेत. मुलगी बालवाडीत जाते. तो तिला उचलून घेतो, पण घरात दुसरं कुणी असलं तरच. झोपायला मागच्या खोलीत जातो, आणि जाताना मला सांगतो, बाहेरून कडी लाव.

मी लावते.